चिमाजी खुटवडांची करपात्रता

मनुष्याच्या आयुष्यात मुलाचे लग्न आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र हे दोन प्रसंग असे आहेत की, त्यांत चूक झाली असता ती पुढील पिढीस निस्तरावी लागते. हे दोन्ही प्रसंग एकाच गृहस्थावर एकाच उन्हाळ्यात ओढवले, त्याची यथातथ्य हकीकत येथे सादर केली आहे. विवरणपत्र भरताना सर्वसाधारण माणसाच्या हातून ज्या चुका होतात त्या इतरांनी टाळाव्यात, यापलीकडे या लेखनात दुसरा हेतू नाही.

सन १९३८ च्या चैत्रात वरवे बुद्रुक येथील शेतकरी चिमाजी खुटवड यांनी आपला पुत्र ज्ञानू याच्यासाठी वेल्ह्याकडील आनंदराव शिळीमकर यांच्या फुलाबाई नामक कन्येस मागणी घातली. मुलगा निर्व्यसनी होता, मुलगी कामसू होती, देवक आड येत नव्हते. शिवाय उभयतांनी नसरापूरच्या बाजारात एकमेकांस ओझरते पाहिले होते आणि त्या दिवसापासून ज्ञानू ढवळ्याची वेसण पवळ्याला घालीत होता. सर्व काही इतके अनुकूल असल्यामुळे अडचण उपस्थित होणे क्रमप्राप्तच होते.

आनंदरावांनी पोटभर जेवून, पान जमवून अडचण मांडली.

"जमीन काय, समद्यांकडंच असती, पावणं. सारा बी समदेच भरत्यात. पर आमच्या थोरलीचा सासरा इनकमटॅक भरतो! त्येची पावती चौकट करून सोप्यात टांगलीया. आलं-गेलं मानूस आधी पावती बघतं, मंग देव बघतं."

"देवाच्या शेजारीच टांगलीया व्हय?" चिमाजींच्या पत्नी बाळाबाईंनी आतून विचारले.

"शेजारी न्हाई, वैनी. वर."

आनंदरावांनी दुसरे पान जमविले.

"आता धाकटीला त्येच्यापरास खाली दिली, तर फुलाची आई मला उंबऱ्याच्या आत घेनार न्हाई," आनंदराव म्हणाले. "तवा पावती दावा आन् सुपारी फोडा. मिरगाच्या आत लगीन उरकाया पायजे. न्हाईतर मला दुसरं घर बघावं लागंल."

पाहुणे गेल्यावर बाळाबाई म्हणाल्या, "आवो, कर म्हंजी एक पर्कारचा दंडच की. दंड कुनी मागून घेतो व्हय?"

"तुला काय कळतंय?" चिमाजी म्हणाले. "दंड चोराला असतो. ह्यो अब्रूदाराला असतो."

 ज्ञानूने सोप्यातल्या भिंतीकडे पाहिले आणि खिळा कोठे ठोकता येईल याचा अंदाज घेतला.

पुढील मंगळवारी चिमाजी भोरास गेले. तेथील ज्या कचेरीत ते गेले तिचे नाव घेणे सभ्यपणाचे होणार नाही. वाचकांनी आपल्या माहितीतील कोणतीही कचेरी कल्पावी, ती चालेल. चिमाजींनी अंगावर शेजारच्या कोंडिबाचा कोट चढविला होता. पायांत नाथाचे जोडे होते. फेटा मात्र स्वतःचा होता. गावात कोणी महत्त्वाच्या कामास निघाला की ज्याच्याकडे जे चांगले असेल ते त्याच्या अंगावर चढे, असा तेथे पूर्वापार प्रघात होता. त्यामुळे परगावी गेलेला प्रत्येक मनुष्य वरव्याचा सर्वांत श्रीमंत मनुष्य दिसत असे.

कचेरीच्या दारासमोर चिंचेखाली भिमा परीट दुकान मांडून बसला होता. तेथे फाटकी धोतरे, ठिगळांच्या बंड्या आणि तुटक्या वहाणा भाड्याने मिळत. जेवढे भोक मोठे तेवढे भाडे जास्त, असा चोख व्यवहार होता. चिमाजी पाहत असतानाच एक मोटार वळणाआड थांबली. तीतून हिरड्याचे बडे ठेकेदार कुंडलिकराव उतरले, चिंचेआड गेले आणि पलीकडून अगदी भिकेस लागलेले बाहेर आले.

भिमाने चिमाजींचा कोट निरखला आणि कळवळून म्हणाला, "दादा, ह्या कापडात आत जाऊ नगा. मारून टाकतील. एक बंडी देतो, उंदरानं खाल्ल्याली. आज बोहनी हाय, काय बी द्या."

"मला कर लावून घ्यायचाय," चिमाजी अभिमानाने म्हणाले.

भिमाने हातातली बंडी खाली ठेवली. एवढ्या वर्षांच्या धंद्यात असे गिऱ्हाईक त्याने पाहिले नव्हते.

आत अव्वल कारकुनांसमोर रांग लागली होती. मनुष्य पुढे येई, आपणांस काहीच मिळत नाही असे शपथेवर सांगे आणि कारकून ते लिहून घेत. कुंडलिकरावांची पाळी आली तेव्हा त्यांनी घरात चूल पेटत नसल्याचे सांगितले. ते सांगताना त्यांना ढेकर आली. ती भुकेची असल्याचा त्यांनी खुलासा केला आणि तोही नोंदवून घेण्यात आला. त्यांच्यामागून चिमाजी पुढे झाले व हात जोडून म्हणाले, "रावसाहेब, मला तेवढा कर लावा."

कचेरीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, परंतु टाचण्या त्या साली मंजूर झाल्या नव्हत्या. पट्टेवाला उभ्याचा बसला. कारकुनांनी चष्मा काढला, पुसला आणि चिमाजींना पुन्हा पाहिले.

"कर न देण्याची चळवळ आम्हांस ठाऊक आहे," ते सावधपणे म्हणाले. "ही कर देण्याची कोणी काढली?"

"चळवळ न्हाई जी. पोराचं लगीन हाय."

विवरणपत्राचा छापील नमुना पुढे करण्यात आला. येथे चिमाजींच्या हातून पहिली चूक झाली. त्यांनी आपल्या भाताचे उत्पन्न सांगितले.

"ते उत्पन्न नव्हे," कारकून म्हणाले.

"आसं कसं? कणग्या भरल्यात की!"

"भरल्या असतील. परंतु शेतीचे उत्पन्न या कायद्यान्वये उत्पन्न होत नाही."

"मंग ते काय हाय?"

"ते पलीकडच्या खोलीत उत्पन्न आहे. या खोलीत काहीही नाही."

चिमाजींनी नाचणी सांगितली, वाल सांगितले, म्हैस सांगितली. म्हैस शेतीतच मोडते, असे उत्तर आले. त्यांनी ज्ञानू सांगितला. ज्ञानू हे उत्पन्न नसून खर्च आहे, असे सांगण्यात आले. अखेर चिमाजींनी फेटा काढून मेजावर ठेवला.

"म्हंजी मला कायच मिळत न्हाई म्हना की!" ते म्हणाले. "पोराचं लगीन मोडतंय, रावसाहेब. काय बी करा, पर कुठंतरी मला लागू करा."

हा आक्रोश आतल्या खोलीत नवीनच बदलून आलेल्या साहेबांनी ऐकला. साहेब तरुण होते आणि कायदा त्यांना मुखोद्गत होता. आजवर त्यांच्यापुढे प्रत्येकाने आपली प्राप्ती नाकारली होती. कोणी स्वतःहून कबूल करीत आहे हे पाहून त्यांचे अंतःकरण हेलावले. त्यांनी चिमाजींना खुर्ची देवविली.

"खुटवड, निराश होऊ नका," साहेब म्हणाले. "प्राप्ती नाही असा मनुष्यच नसतो. ती शोधावी लागते. एवढे रान तुम्ही एकटे नांगरता?"

"एकट्याला कसं व्हईल, साहेब? इर्जिक असती. आज समद्या गावाची औतं माझ्या रानात, उद्या कोंडिबाच्या, परवा नाथाच्या. ज्येच्या रानात काम त्येनं जेवाय घालायचं."

"आणि मजुरी?"

"छ्या छ्या! इर्जिकीत मजुरी घेतली तर गावात तोंड दावाय जागा न्हाई ऱ्हायची."

साहेबांचे डोळे चमकले. "म्हणजे श्रम मिळाले आणि पैसा दिला नाही. लिहा, कारकून! ही प्राप्ती!"

"परंतु साहेब, हे शेतीतच..." कारकुनांनी नम्रपणे सुचविले.

"शेत यांचे. श्रम शेजाऱ्याचे. शेजारी हे पीक नव्हे," साहेब म्हणाले. "सबब शेजाऱ्यापासून मिळालेले उत्पन्न शेतीचे होऊ शकत नाही. बरे, खुटवड, ताक विकता?"

"आमच्यात ताक इकत न्हाईत, साहेब. म्हस आटती. शेजारीपाजारी घेऊन जात्यात."

"फुकट?"

"फुकट म्हंजी... धोंडाबाई कवा मूठभर मीठ देती. भागूबाई सकाळचा इस्तू आनती चुलीला."

"वस्तुविनिमय!" साहेब उठून उभे राहिले. "आणि तोही अव्याहत! कारकून, या एका खेड्यात केवढा व्यापार चालला आहे आणि आपण हिरड्याच्या पोत्यांत डोकावत बसलो!"

मग मात्र चिमाजींना उत्साह चढला. विवरणपत्रात काहीही लपवू नये, हा नियम साहेबांनी त्यांना तोंडपाठ करविला होता. त्यांनी कोंडिबाचा कोट सांगितला, नाथाचे जोडे सांगितले. गेल्या पावसाळ्यात ताप आला असता मंडळी उशाशी बसली, तेही सांगितले. ते शुश्रूषेच्या दराने धरण्यात आले. विहिरीवर कोणी घागर उचलून दिली, वाटेत कोणी डोईवरचा भारा उतरविला, पायातला काटा काढला, या सर्वांचे मोल ठरले. तरीही बेरीज करपात्र रकमेच्या किंचित खालीच राहिली. कचेरीतील सर्वांनी श्वास रोखून धरला. कुंडलिकरावही फाटके धोतर सावरीत थांबून राहिले.

"आठवा, खुटवड," साहेब कळकळीने म्हणाले. "आणखी काही?"

"एक हाय. नाथा रोज तळहातावर तमाखू मळतो, तवा मला चिमूटभर देतो."

"रोज?"

"दिसातनं दोनदा."

चिमूटभर तंबाखूने चिमाजी खुटवड करपात्र झाले. साहेबांनी त्यांच्याशी हस्तांदोलन केले. पट्टेवाल्याने दार उघडून धरले, आणि ते उघडल्याबद्दलचे मोल चिमाजींनी प्रामाणिकपणे विवरणपत्रात वाढवून घेतले.

आता विवरणपत्राचे शेवटचे कलम राहिले होते. प्रत्येक प्राप्ती कोणापासून झाली आणि तिच्या बदल्यात कोणास काय दिले, हे नावानिशी लिहावयाचे होते. नाव गाळणे हा गुन्हा आहे, असे तळाशी छापले होते. चिमाजींनी एकही नाव गाळले नाही. गावकुसापासून सुरुवात करून त्यांनी वरच्या वस्तीपर्यंत सर्वांची नावे सांगितली, आणि एका म्हातारीचे नाव विसरले म्हणून गावच्या ओढ्यापासून परत येऊन तेही लिहविले.

कचेरीत कामे सावकाश होतात असा एक गैरसमज जनतेत पसरलेला आहे. तो निराधार होय. परतावा द्यावयाचा असतो तेव्हाच कामे सावकाश होतात. कर लावावयाचा होता, त्यामुळे वैशाख लागण्यापूर्वीच प्रत्येक घरी नोटीस आली. कारण सरळ होते. चिमाजीला कोंडिबाच्या औतापासून प्राप्ती झाली असेल, तर कोंडिबालाही चिमाजीच्या औतापासून तेवढीच झाली असली पाहिजे.

चावडीसमोर गाव जमला. कोंडिबा नोटीस फडकावीत आला.

"चिमाजी, तू माझं रान नांगरलंस ह्ये तू साहेबाला सांगितलंस?"

"सांगितलं की. खरं हाय ते."

"आरं, कचेरी म्हंजी काय खरं सांगायची जागा हाय? आन् माझा कोट घालून सांगितलंस!"

"कोटाचं बी सांगितलंय," चिमाजी म्हणाले. "लपवाछपवी न्हाई केली म्या."

"माझी चिमूटभर तमाखू तुला डोईजड झाली व्हय रं?" नाथाने विचारले. "मला इचारत्यात की वर्साला तमाखू किती वाटतोस आन् त्येचं दुकान कुठं हाय!"

इतक्यात धोंडाबाई काठी टेकीत पुढे आल्या. त्या एकट्या राहत आणि त्यांच्या तोंडात दात उरला नव्हता. "मेल्या चिमाजी," त्या म्हणाल्या, "ताकात कुस्करल्याबिगर मला भाकर खाता येत न्हाई, ह्ये साऱ्या गावाला ठावं. आन् तो कारकून मला म्हंतो, म्हातारे, तू ताकाची व्यापारी हाईस, धंदा कवापास्नं करतीस?"

"मंग काय सांगितलंस?"

"सांगितलं, दात पडल्यापास्नं."

चिमाजींनी सर्वांची समजूत घातली. पावती आली की घरोघर टांगता येईल, घराण्याची अब्रू वाढेल, कोंडिबाच्या गेनूलाही चांगले स्थळ सांगून येईल, असे ते म्हणाले. गेनूचे नाव निघताच कोंडिबा जरा निवळला. तथापि, पुढील वर्षी प्राप्ती वाढू नये म्हणून व्यवहार बंद ठेवावेत, असे एकमताने ठरले.

तेव्हापासून गावात मोठी शिस्त आली. नांगरटीचे दिवस असूनही इर्जिक बंद झाली. जो तो आपल्या एका औताने आपलेच रान उकरीत बसला. डोईवर भारा घेतलेला मनुष्य वाटेत उभा राही आणि समोरचा मनुष्य त्याच्याकडे सहानुभूतीने पाही, परंतु हात लावीत नसे. वाट विचारणाऱ्या पांथस्थास लोक आधी पावती मागत. नाथाच्या पायात काटा मोडला, तेव्हा स्वतःच्या तळपायापर्यंत वाकता येईना म्हणून तो एका पायावर घरी गेला. बाळाबाईंचे ताक कोणी नेईना. ते त्यांनी रेडकाला पाजले. रेडकू फुगून दारात मावेनासे झाले आणि त्याला आतच ठेवावे लागले.

ही एवढी प्रगती प्रत्यक्ष पाहावी म्हणून साहेब स्वतः तपासणीस निघाले. सोबत अव्वल कारकून आणि पट्टेवाला होते. ओढ्याच्या वाळूत त्यांची मोटार रुतली. साहेबांनी हाका मारल्या. गावकरी काठावर उभे राहून नियमाकडे बोट दाखवू लागले. परंतु ऊन रणरणत होते आणि साहेबांचा चेहरा काळवंडला होता. ते पाहून बाळाबाईंना राहवेना. त्या म्हणाल्या, "आवो, मानूस हाय त्यो बी!" मग बैल जुंपले गेले, मोटार निघाली, भोवळ आलेल्या साहेबांना ओट्यावर निजवून कपाळावर कांदा ठेचून बांधला गेला. शुद्धीवर येताच साहेब तीन तांबे ताक प्याले आणि नाचणीच्या भाकरीवर तुटून पडले. कारकून शाकाहारी होते. त्यांनी कोंबडीचा फक्त रस्सा घेतला.

दुसऱ्याच दिवशी चिमाजी कचेरीत पुरवणी विवरणपत्र घेऊन हजर झाले. विवरणपत्र दिल्यानंतर घडलेली गोष्ट ताबडतोब कळवावी, असे कलम होते.

"हे काय?" कारकुनांनी विचारले.

"काल तुमास्नी प्राप्ती झाली, ती लिवून आनलीया. बैलांच्या जोड्या, ताक, भाकरी, कांदा. रश्श्याचं येगळं लिवलंय."

कारकुनांनी ते पत्र दोन बोटांत धरून साहेबांकडे नेले. साहेबांनी ते वाचले आणि त्यांचा चेहरा ओढ्यातल्यासारखा झाला. त्यांच्याच निर्णयाप्रमाणे शेजारी हे पीक नव्हते. त्यांच्याच निर्णयाप्रमाणे ताक हा व्यापार होता. कागद फाडता येत नव्हता, कारण त्याला क्रमांक पडला होता. अखेरीस तो वर पाठविण्यात आला. वरून आणखी वर गेला. प्रत्येक पायरीवरील अधिकाऱ्याने दौऱ्यावर कोठे ना कोठे ताक प्यालेले असल्यामुळे प्रकरणाकडे अत्यंत गांभीर्याने पाहण्यात आले आणि आठवड्याच्या आत परिपत्रक निघाले. त्याचा आशय असा की, सरकारी नोकराने कामावर असताना केलेले प्राशन व भोजन ही प्राप्ती नसून कर्तव्य आहे. इतरांच्या बाबतीत पूर्वीचाच निर्णय कायम राहील.

याप्रमाणे गोंधळ मिटून वैशाखाच्या अखेरीस चिमाजींची पावती आली. कराची रक्कम भरण्यासाठी चिमाजींनी भाताच्या दोन कणग्या रिकाम्या केल्या होत्या, पण त्याचे त्यांना काही वाटले नाही. ज्ञानूने चौकट केली. देवाच्या वर खिळा ठोकला. आनंदरावांना निरोप गेला.

आनंदराव आले. त्यांनी पावतीकडे पाहिले आणि ते बसलेच नाहीत.

"पावणं," ते म्हणाले, "येशीपास्नं हितवर येत हुतो. एकेका सोप्यात डोकावलं. समद्यांकडं पावती! त्या बोळक्या म्हातारीच्या खोपटात बी टांगलीया. मंग तुमचं येगळेपन काय ऱ्हायलं?"

"आवो, पर तुमीच म्हनला हुता..."

"तवाची गोष्ट तवा. आमच्या थोरलीच्या सासऱ्यानं बी पावती उतरवली. आता मोठी मानसं दाखला टांगत्यात."

"कसला दाखला?"

"काय बी प्राप्ती न्हाई, ह्येचा. कुंडलिकराव ठेकेदाराकडं बघा. मोटार हाय, दुमजली माडी हाय, आन् त्येच्यावर सरकारचा शिक्का मारल्याला दाखला, की ह्या मानसाला कुटनंच काय मिळत न्हाई! ह्येला म्हंत्यात घरानं. त्येच्या भाच्याचं स्थळ आलंय फुलाला. आजून हा म्हनलो न्हाई. पर मिरूग तोंडावर आलाय."

ज्ञानूच्या हातातील हातोडी खाली पडली. ती बाळाबाईंच्या पायावर पडली, परंतु त्या ओरडल्या नाहीत, कारण ओरडल्यास शेजारणी धावून आल्या असत्या.

चिमाजी पुन्हा भोरास गेले. या वेळी अंगावर कोंडिबाचा कोट नव्हता. कोंडिबाने तो केव्हाच परत नेला होता. पायांत काही नव्हते. भिमा परटाने त्यांना चिंचेखालून पाहिले आणि त्यांच्या अंगावरचेच कापड पाहून भाड्याचा विषय काढला नाही.

अव्वल कारकुनांनी नमुना समोर घेतला.

"चालू साली इर्जिक?"

"बंद."

"ताक, मीठ, विस्तव?"

"कोन येतंय? आमचा दरवाजा दिसला की मानसं तोंड फिरवत्यात."

"कोट? जोडे?"

चिमाजींनी पाय पुढे केले. कारकुनांनी ते नोंदविले.

"आजारात कोणी उशाशी बसले?"

"चार दिस थंडीताप हुता. बायको बसली."

"पत्नी धरीत नाहीत. तंबाखू?"

चिमाजींनी रिकामा तळहात धोतराला पुसला. मग म्हणाले, "नाथा आता पाठमोरा हून मळतो."

कारकुनांनी बेरीज केली. बेरीज करण्याजोगे काही नव्हते, तरी नियमाप्रमाणे दोनदा केली. मग त्यांनी शिक्का उचलला. हे विवरणपत्र आजवर त्या कचेरीत दाखल झालेल्या सर्व विवरणपत्रांत एकमेव बिनचूक होते. आपणांस कोठूनही काहीही मिळत नाही, असे लिहून देणारे पुष्कळ होते. त्यांत खरे लिहिणारे चिमाजी पहिलेच होते.

बाहेर कुंडलिकराव आपले धोतर परत करीत उभे होते. त्यांनी चिमाजींच्या हातातला दाखला ओळखला आणि मोठ्या मनाने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "या, खुटवड! आलात आमच्यात!"

लग्न ठरल्या मुहूर्तावर, मिरगाच्या आधी, वरवे बुद्रुक येथे झाले. आनंदरावांच्या मनासारखा दाखला वरातीत पुढे धरला होता, त्यामागे वाजंत्री, त्यामागे नवरदेव. मांडव भोराहून भाड्याने आणला, आचारी भाड्याने आणले, पाणी भरणारे भाड्याने आणले. सगळ्या गावाला पुरेल एवढा स्वयंपाक झाला. परंतु गावकरी आपापल्या ओट्यांवर नोटिसा मांडीवर घेऊन बसून राहिले. वास सगळ्यांना येत होता. तोसुद्धा त्यांनी बेताने घेतला. पंगतीत पाट मांडलेले, पाने वाढलेली आणि माणूस नाही. आनंदरावांच्या वऱ्हाडाने एक कोपरा भरला. फुलाबाई मुंडावळ्यांतून रिकाम्या पाटांकडे पाहत होती.

इतक्यात मोटारींचा आवाज आला. साहेब आले, अव्वल कारकून आले, पट्टेवाला आला. पलीकडच्या खोलीतले, वरच्या कचेरीतले, त्याहून वरच्या कचेरीतलेही आले, आणि सर्व जण सहकुटुंब आले. परिपत्रकान्वये भोजन हे त्यांचे कर्तव्य होते. ते त्यांनी अत्यंत निष्ठेने बजावले. रस्सा पहिल्या पंगतीतच संपला. जिलेबी दुसऱ्या पंगतीपर्यंत पुरली. काही जणांनी उरलेले कर्तव्य घरी नेण्यासाठी डबे आणले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी परड्याच्या कुडापलीकडे धोंडाबाई उभ्या होत्या. भाकरीचा कोरडा तुकडा त्यांच्या हातात होता. त्या काही मागत नव्हत्या. मागणे ही प्राप्तीची सुरुवात होते, हे त्या शिकल्या होत्या. नव्या सुनेने ताक घुसळता घुसळता त्यांना पाहिले. ती उठली आणि तिने कुडावरून तांब्या पुढे केला.

"अगं पोरी, नगं," धोंडाबाई घाईने म्हणाल्या. "नोंद व्हईल त्येची."

"कुनाला लिवता येतंय हितं, आजी?" फुलाबाई म्हणाली. "मला तर येत न्हाई. तुमाला येतंय?"

धोंडाबाईंनी इकडेतिकडे पाहिले, भाकर तांब्यात बुडविली आणि पहिला घास घेतला. तिकडे सोप्यात चिमाजी दाखल्याची चौकट भिंतीवर सरळ बसते की नाही ते पाहत होते. कुडापलीकडचा आवाज त्यांनी ऐकला. विवरणपत्राच्या नियमाप्रमाणे तो त्यांनी कचेरीस ताबडतोब कळवावयास हवा होता. त्यांनी ज्ञानूला खिळ्यावर जोराने ठोकावयास सांगितले.

येथे ही हकीकत पुरी झाली. आता वाचकांस एकच विनंती आहे. हे पुस्तक आपण शेजाऱ्याकडून वाचावयास आणले असेल, तर ती प्राप्ती असून तिची नोंद योग्य त्या रकान्यात करावी. पुस्तक स्वतःचे असेल आणि ते कोणी मागून नेले असेल, तर नेणाऱ्याचे नाव कळवावे. परंतु पुस्तक स्वतःचे असून ते मागावयास आजवर कोणीच आपल्या दारी आले नसेल, तर आपण विवरणपत्र भरण्याची तसदी घेऊ नये. दाखला आपणांस केव्हाच मिळालेला आहे.